गेटवे दिसत नाही म्हणजे फोटो १९११ च्या आधीचा का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. तुमचे पणजोबा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे चढउतार होणारा माल मोजून नोंदणारे कारकून होते. गावच्या घरातली त्यांची पत्र्याची ट्रंक यंदा उघडली आणि तीत बंदराचे सात फोटो निघाले. एकात ताजमहाल हॉटेल आहे पण गेटवे नाही, आणि मागे शिसपेन्सिलीने 'अपोलो बंदर १८९०' लिहिलंय. ओळखीच्या एका संग्राहकाने 'गेटवे नाही, म्हणजे १९११ च्या आधीचा' असं सांगितलं. दुसरा फोटो तपकिरी, पुठ्ठ्यावर डकवलेला, दगडी पायऱ्या आणि होड्यांचा. दोन पोस्टकार्डं आहेत. आणखी एका फोटोत समुद्राकाठचा वळणदार रस्ता आहे आणि त्यावर इमारती जवळजवळ नाहीत. दुसऱ्या एका फोटोत गोदीतून धूर उठताना दिसतो, तो १९४४ च्या स्फोटाचा असावा असं घरात म्हणतात. आणि शेवटच्या फोटोत क्रेनखाली उभी असलेली चार माणसं आहेत. तुम्हाला ठिकाणं आणि सालं हवी आहेत, शिवाय हे फोटो कुठे द्यावेत तेही विचारलंय.

मी गेली पंचवीसेक वर्षं जुन्या फोटोंची नोंदणी आणि जतन हेच काम करते, आणि त्यातला मोठा भाग मुंबईच्या किनाऱ्याचा आहे. मूळ फोटो हातात नसताना मी कोणतंही साल ठामपणे सांगणार नाही. पण ते शोधायचं कसं, हे सांगता येईल, आणि त्यातलं बरंचसं काम तुम्ही घरच्या घरी एका भिंगाने करू शकाल.

सुरुवातीलाच एक गाठ सोडवू. प्रत्येक फोटोला तीन वेगवेगळ्या तारखा असतात. एक, शटर उघडलं ती. दुसरी, कागदावर छाप काढली ती. तिसरी, मागे कुणीतरी काही लिहिलं ती. या तिन्हींत कधी कधी तीस-चाळीस वर्षांचं अंतर पडतं. बोर्न अँड शेफर्डसारख्या मोठ्या स्टुडिओंकडे काचेच्या निगेटिव्ह जपून ठेवलेल्या असत आणि मागणी येईल तशा त्यांच्या प्रती वर्षानुवर्षं निघत. त्यामुळे १८७० च्या आसपास टिपलेलं दृश्य पुढे वीस वर्षांनी छापलेल्या कागदावर सापडू शकतं. मागचं लिखाण तर बहुतेक वेळा फोटो घरात आल्यावर, आठवणीतून होतं. ते खोडू नका, ते घराण्याचं बोलणं आहे; पण पुरावा म्हणून ते सगळ्यात शेवटी वाचा.

आता ताजचा फोटो. '१८९०' तर घुमट पाहूनच बाद होतं. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं, त्यामुळे इमारत पुरी झालेली दिसत असेल तर फोटो फार तर उघडण्याच्या थोडा आधीचा, एरवी नंतरचाच. इतपर्यंत सोपं आहे.

१९११ ची गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण ही चूक मी दर दोन महिन्यांनी पाहते. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला अपोलो बंदरावर उतरले, आणि गेटवे त्यांच्या आगमनाची आठवण म्हणून बांधला, हे आपण शाळेत शिकतो. त्यामुळे ते उतरले तेव्हा कमान उभी होती असं मनात बसतं. प्रत्यक्षात त्या वर्षी मार्चमध्ये फक्त पायाचा दगड बसवला होता आणि स्वागतासाठी तात्पुरता मंडप उभारला होता. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला. गेटवे ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीनसुद्धा तेव्हा नव्हती. १९१५ ते १९१९ या काळात तिथे भराव घालून धक्का बांधला. पाया १९२० ला पुरा झाला आणि ४ डिसेंबर १९२४ ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी उद्घाटन केलं. म्हणजे ती जागा चौकटीत असूनही कमान नसेल, तर फोटो साधारण १९२० च्या आधीचा. १९११ चा या हिशेबाशी संबंध नाही.

आणि 'ती जागा चौकटीत असूनही' हे शब्द इथे फार महत्त्वाचे आहेत. समुद्रातून शहराकडे पाहिलं तर डावीकडे ताज येतं आणि उजवीकडे गेटवे. फोटो उजवीकडून ताजच्या भिंतीपाशीच कापला असेल, तर गेटवे दिसणारच नाही, मग साल १९०५ असो की १९५५. वस्तू नसण्याला पुराव्याचं मोल येतं ते कॅमेरा तिच्या जागेकडे पाहत असेल तेव्हाच.

हे मी चूक करून शिकले. नोकरीच्या सुरुवातीला एका संस्थेच्या सूचीत मी ताजच्या एका फोटोपुढे '१९११ पूर्वी' असं लिहिलं होतं. फोटो सकाळचा, कॅमेऱ्याचं तोंड हॉटेलकडे, समोर रस्ता, दोन घोडागाड्या. सूची छापून आली. वर्षभराने एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तोच फोटो भिंगाखाली धरला आणि उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे जमिनीवर एक रुंद सावली पडली होती आणि सावलीच्या मधोमध उजेडाचा एक तुकडा होता, वरून गोल, खाली सरळ. कमान. फोटोग्राफर गेटवेच्या अगदी जवळ उभा होता आणि सकाळचं ऊन गेटवेची सावली त्याच्या चौकटीत टाकत होतं. मी साल किमान नऊ वर्षांनी चुकवलं होतं. तेव्हापासून कोणताही फोटो आला की मी आधी तो कुठून काढलाय हे ठरवते, आणि मग सावल्या पाहते.

तुम्हीही तसंच करा. ताजच्या उजव्या अंगाला, आज जिथे उंच टॉवर आहे तिथे, पूर्वी ग्रीन्स हॉटेल होतं. ते पाडून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला टॉवर आला. तुमच्या फोटोत टॉवर नसणारच, पण ग्रीन्सची इमारत दिसते का ते पाहा. ती दिसली तर कॅमेऱ्याची उजवी सीमा कुठवर गेलीय ते कळतं. मग रस्त्यावर या. सगळ्या गाड्या घोड्याच्या आहेत की मधे मोटारी आहेत? पहिल्या महायुद्धानंतरच्या ताजसमोरच्या फोटोत मोटार हटकून असते. मोटारी नाहीत, घोडागाड्या पुष्कळ, आणि गेटवेची जागा चौकटीत असून तिथे नुसतं पाणी, असं तिन्ही जमलं तर '१९०३ ते १९१५' असं निर्धास्त लिहा. हो, दोन सालांमधला पट्टा लिहायचा. एकच साल लिहिण्याचा मोह सोडा. बारा वर्षांचा खरा पट्टा एका खोट्या सालापेक्षा पुढच्या अभ्यासकाला कितीतरी जास्त उपयोगी पडतो.

आता मुंबईच्या बाबतीत हे सगळं एवढं नेमकं का जमतं, ते सांगते. बहुतेक शहरांत फोटोचं साल इमारतींवरून काढतात. मुंबईत इमारतींपेक्षा पाण्याची कड जास्त बोलते, कारण इथला किनारा दर पिढीला सरकलाय आणि सरकल्याची दफ्तरी नोंद आहे. पूर्वेकडे एल्फिन्स्टन कंपनीने १८५८ नंतर भराव घालायला घेतला. कापसाच्या तेजीत पैसा वाहत होता, १८६५ ला शेअर बाजार कोसळला, आणि पुढे सरकारने ती कंपनी विकत घेतली. १८७३ ला पोर्ट ट्रस्ट आला. १८७५ ला कुलाब्याला ससून डॉक, १८८० ला प्रिन्सेस डॉक, १८८८ ला व्हिक्टोरिया डॉक, १९१४ ला अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आपण इंदिरा डॉक म्हणतो. अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेली माती-दगड शेजारीच टाकून बॅलार्ड इस्टेटची जमीन तयार झाली. आज बॅलार्ड इस्टेटच्या फुटपाथवर झाडाच्या सावलीत चालताना लक्षात येत नाही, पण आपण त्या गोदीच्या पोटातून काढलेल्या मातीवर चालत असतो. त्या जागेवर फोटोत पाणी असेल तर तुम्ही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात किंवा त्याच्याही मागे आहात.

किनाऱ्याबरोबर नावंही सरकतात, आणि इथे आपली मराठी माणसं हमखास फसतात. भाऊचा धक्का म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रेवसची लाँच आणि मासळीचा लिलाव येतो. पण लक्ष्मण हरिश्चंद्र तथा भाऊ अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला मूळ धक्का या जागी नव्हता. पुढे भराव पडत गेला, प्रवाशांची चढउतार दुसरीकडे गेली आणि लोकांनी नाव सोबत नेलं. त्यामुळे फोटोमागे 'भाऊचा धक्का' लिहिलं असेल तर लिहिणाऱ्याच्या काळातला धक्का कोणता, हे आधी विचारायचं. अपोलो बंदराचंही दफ्तरातलं नाव वेलिंग्टन पिअर होतं, आणि जुने लोक त्याला पालवा म्हणत. एकाच जागेचे तीन फोटो तीन नावांखाली ठेवलेले मी पाहिलेत.

तुमच्या सात फोटोंत मला सगळ्यात जास्त उत्सुकता तपकिरी फोटोची आहे. वर्णनावरून तो अल्ब्युमिन प्रिंट वाटतो, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा. ही पद्धत १८५० मध्ये निघाली आणि पुढची चाळीसेक वर्षं तिचंच राज्य होतं. कागद इतका पातळ असतो की सुटा ठेवला तर सुरळी होते, म्हणून तो जाड पुठ्ठ्यावर डकवत. भिंगाखाली कागदाचे तंतू दिसतात, उजळ भाग पिवळसर पडलेले असतात आणि गडद भाग जांभळट-तपकिरी. नंतरच्या जिलेटिन कागदावर तंतू दिसत नाहीत, आणि जुना झाला की काळ्या भागावर तिरप्या उजेडात चांदीसारखी झाक येते. ही झाक आहे का एवढं आज रात्री दिव्याखाली फोटो तिरपा धरून पाहा. असेल तर तो अल्ब्युमिन नाही, आणि माझा पुढचा अंदाज चुकीचा ठरेल.

अल्ब्युमिन आहे असं धरून चालू. त्या काळची ओली कोलोडियन काच, म्हणजे रसायनाचा ओला थर दिलेली निगेटिव्हची काच, फार मंद होती. लेन्स काही सेकंद उघडी ठेवावी लागे. याचे दोन परिणाम बंदराच्या फोटोत कायम दिसतात. आकाश कोरं पांढरं, कारण ती काच निळ्या रंगाला जास्त भुलते. आणि पाणी गुळगुळीत, जणू साय धरलीय. आता होड्या पाहा. काठाजवळच्या होड्यांच्या डोलकाठ्या रेखीव आहेत आणि मागच्या जहाजांच्या पुसट, दुहेरी आहेत का? तसं असेल तर ओहोटी आहे. पुढच्या होड्या चिखलात टेकल्यात म्हणून स्थिर, मागच्या तरंगतायत म्हणून हलल्या. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो. धक्क्याच्या पायऱ्या एवढ्या खोलवर का नेल्या आहेत, ते तेव्हाच कळतं. माझ्याकडे आलेल्या एका प्रिंटमध्ये मी पायऱ्या मोजल्या होत्या. एकवीस. वरच्या आठ पांढऱ्या, खालच्या तेरा काळपट आणि ओल्या, त्या रेघेपाशी कालवं चिकटलेली, आणि रेघेच्या बरोबर वर एक माणूस छत्री मिटून बसलेला. त्याचा चेहरा पुसट होता, छत्री स्पष्ट. तो हलला, छत्री हलली नाही.

ठिकाणासाठी त्या होड्यांच्या पलीकडे, क्षितिजाकडे पाहा. इमारती पडतात, धक्के सरकतात, डोंगर सरकत नाहीत. पूर्वेकडे तोंड असेल तर घारापुरीच्या दोन टेकड्या आणि मधली खिंड ओळखू येते, उरण-करंजाचे डोंगर त्यांच्या उजवीकडे येतात. मागे लांब, सलग उतरत आलेला मलबार हिलचा कणा दिसला तर तुम्ही पश्चिमेला बॅकबेवर आहात आणि बंदर वगैरे काही नाही. याच डोंगरांवरून फोटो उलटा तर छापलेला नाही ना, तेही कळतं. काचेची निगेटिव्ह किंवा मॅजिक लँटर्नची काच उलटी धरली की डावं-उजवं बदलतं, आणि मग माणूस तासन्तास नकाशा घेऊन बसतो तरी जागा सापडत नाही. संशय आला की फोटोतली एखादी पाटी वाचून पाहा, किंवा माणसांच्या अंगरख्याचे बंद कोणत्या बाजूला बांधलेत ते पाहा.

घारापुरी दिसली तरी बंदर कोणतं, हा प्रश्न उरतो. अपोलो, आर्थर, कारनॅक, क्लेअर, मसजिद, अशी बंदरंच बंदरं होती तेव्हा. इथे लॉटन यांच्या देखरेखीखाली १८६५ ते १८७२ मध्ये झालेल्या मोजणीचे नकाशे उपयोगी पडतात; त्यांत धक्क्यांच्या कडा आणि गोदामं तपशिलाने दाखवलेली आहेत. होड्यांचे प्रकारही मदत करतात. रुंद पोटाचे पडाव जहाजातून माल उतरवायला, मचवे जवळच्या फेऱ्यांना, फत्तेमाऱ्या लांबच्या किनारी व्यापाराला. नुसते पडाव आणि कापसाच्या गासड्या असतील तर ते मालाचं बंदर. बग्ग्या आणि छत्र्या असतील तर साहेब लोकांच्या उतरण्याचं. तुमच्या घरात कुणी खलाशी किंवा तांडेल असतील तर त्यांना दाखवा. डोलकाठीचा कल पाहून होडी कोणती ते ते सांगतील, आणि ते ज्ञान माझ्याकडे पुस्तकी आहे.

फोटोग्राफर कोण असेल, असंही तुम्ही विचारलंत. पुठ्ठ्यावर शिक्का नसेल तर बहुधा कळणार नाही. पण तो गोराच असेल असं धरू नका. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ला स्थापन झाली आणि तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते, ते स्वतः फोटो काढत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ ला फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्या काळात मुंबईत धंदा म्हणून फोटोग्राफी केली. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, चित्राच्या आतच, पांढऱ्या रंगात खरवडल्यासारखा आकडा आहे का पाहा. तो निगेटिव्हचा क्रमांक असतो आणि मोठ्या स्टुडिओच्या छापील यादीशी जुळवता येतो.

पोस्टकार्डांबद्दल फार लिहीत नाही. मागची बाजू पत्त्यासाठी आणि मजकुरासाठी उभ्या रेघेने विभागलेली नसेल तर कार्ड जुनं. इंग्लंडने १९०२ ला विभागलेली मागची बाजू चालू केली आणि आपल्याकडे ती त्यानंतर आली. 'जर्मनीत छापलेले' असं असेल तर बहुधा १९१४ च्या महायुद्धाआधीचं. रंगांवर विसंबू नका. समुद्राचा तो हिरवा रंग देणाऱ्या माणसाने मुंबई पाहिलेली नसण्याची शक्यता मोठी आहे. टपालाच्या शिक्क्यावरची तारीख ही कार्ड पेटीत पडल्याची, चित्र टिपल्याची नव्हे.

वळणदार रस्त्याचा फोटो मरीन ड्राइव्हचा असेल तर तुमच्या हातात मोठी गोष्ट आहे. या काठाचं काम १९१५ ला केनेडी सी फेस म्हणून सुरू झालं. मग १९२० च्या दशकात गव्हर्नर लॉइड यांच्या काळात बॅकबेची प्रचंड भराव योजना आली. समुद्रात भिंत घालायची, बंदराच्या तळाचा गाळ यंत्राने उपसून नळांतून आत सोडायचा आणि जमीन करायची, असा बेत. भिंत दगडांच्या राशीची, तिच्या फटींतून गाळ परत समुद्रात जायचा. उपसणारं यंत्रही अपेक्षेएवढा गाळ काढेना. खर्च वाढत गेला. खुर्शेद नरिमन यांनी या योजनेतला गैरकारभार चव्हाट्यावर आणला, त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि त्यात ते निर्दोष सुटले. पुढे भरावाच्या टोकाला त्यांचंच नाव मिळालं.

या सगळ्यामुळे काही वर्षं अशी गेली की रस्ता आहे, भिंत आहे, पाठीमागे सपाट जमीन आहे, आणि इमारत एकही नाही. तो काळ फोटोंत फार कमी सापडतो, कारण रिकाम्या जमिनीचं पोस्टकार्ड कोण विकत घेणार? गोदीतल्या कारकुनाने तो फोटो जपून ठेवला, याचं मला अप्रूप वाटतं. साल काढायला चर्चगेटकडचा कोपरा शोधा. सूना महाल १९३७ ची; कपूर महाल, झवेर महाल, केवल महाल १९३७ ते १९३९ मधल्या. हे प्लॉट मोकळे दिसले तर वरची मर्यादा मिळाली. खालच्या मर्यादेसाठी रेल्वेकडे पाहा. भरावाआधी बीबी अँड सीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचे रूळ जवळजवळ पाण्याच्या काठानेच जात. कुलाबा ते बोरीवली विजेची गाडी जानेवारी १९२८ ला सुरू झाली, म्हणून रुळांवर तारांचे खांब असतील तर फोटो १९२८ च्या आगेमागे किंवा नंतरचा. भिंतीबाहेर टेट्रापॉड, ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, दिसले तर मात्र फोटो स्वातंत्र्यानंतरचा, आणि तो मोकळा प्लॉट दुसऱ्याच कुठल्या जागेचा.

धुराच्या फोटोबाबत मी तुम्हाला थांबायला सांगेन. १४ एप्रिल १९४४ ला दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि कापसाच्या गासड्या एकत्र होत्या. गोदीत आणि आसपासच्या वस्त्यांत शेकडो माणसं गेली. तुमचे पणजोबा तेव्हा कामावर होते असं घरात सांगतात, म्हणून घरच्यांनी हा फोटो त्या दिवसाशी जोडणं मी समजू शकते. पण युद्धाच्या काळात गोदीत कॅमेरा नेणं सोपं नव्हतं, आणि कोळशावर चालणाऱ्या बंदरात धूर रोजचा होता. कापसाच्या आगीही काही नवीन नव्हत्या. कॅमेरा गोदीच्या आत आहे की दूर एखाद्या गच्चीवर, शेडची छपरं धड आहेत की उडालेली, आणि माणसं धुराकडे पाहतायत की आपापल्या कामात आहेत, एवढं मला कळवा. माणसं कामात असतील तर तो १४ एप्रिल नव्हे.

तुलनेसाठी इंटरनेटवर फोटो शोधाल तेव्हा एक सांभाळा. तिथल्या मथळ्यांवर विश्वास ठेवू नका, आणि संगणकाने रंगवलेले किंवा 'स्पष्ट' केलेले फोटो तुलनेला घेऊच नका. ते प्रोग्राम पुसट जागी स्वतःच्या मनाने खिडक्या आणि चेहरे भरतात. आपण ज्या पुसट जागेवरून साल काढतो, नेमकी तीच जागा तिथे बनावट असते.

जपणुकीचं चार ओळींत सांगते, कारण पावसाळा तोंडावर आहे. लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका, ओल्या कापसाने पुसू नका, चिकट पानांच्या अल्बममध्ये घालू नका. अल्ब्युमिनचा पुठ्ठा जुना आणि वेडावाकडा दिसतो म्हणून कापू नका. त्यावरचा शिक्का, आकडा, कुणाचं तरी अक्षर हे सगळं फोटोचाच भाग आहे. प्रत्येक फोटो आम्लमुक्त कागदात गुंडाळून आडवा ठेवा. लोखंडी ट्रंक कोकणच्या हवेत आतून घाम धरते आणि कसर लागते, म्हणून तिथून बाहेर काढून कोरड्या कपाटाच्या मधल्या खणात. मागे काही लिहायचंच असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला. स्कॅन किमान ६०० डीपीआयने, रंगीत, टिफ फाइल, आणि दोन्ही बाजू. मागची कोरी असली तरी.

कुठे द्यावेत, हे तुमच्या घरावर अवलंबून आहे. कुणाला जपायची हौस आणि कोरडी जागा असेल तर घरी राहू द्या आणि स्कॅनच्या प्रती संग्रहालयाला द्या. तसं कुणी नसेल तर मूळ फोटो द्यायला हरकत नाही, पण सातही एकत्र, ट्रंकेच्या हकिगतीसकट, आणि लेखी करार करून. सुटे विकू नका. ताजचा फोटो घेणारे दहा जण भेटतील. गोदीतल्या एका कारकुनाने एकत्र ठेवलेले सात फोटो म्हणून त्यांचं जे मोल आहे ते सुटे झाले की संपतं. यातला प्रत्येक फोटो त्याने का ठेवला असेल, हा प्रश्न सात जण सात ठिकाणी घेऊन बसले तर कुणालाच विचारता येणार नाही.

शेवटी क्रेनखालच्या चार माणसांबद्दल. याचं साल तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंत, मी सगळ्यात आधी विचारलं असतं. बंदराच्या सरकारी फोटोंत गोदीच्या भिंती असतात, दरवाजे असतात, उद्घाटनाला आलेले लाटसाहेब असतात. मुकादम, खलाशी, टॅली क्लार्क असतात ते भिंत किती उंच आहे हे कळावं म्हणून, आणि नावाशिवाय. तुमच्या फोटोत चौघं कॅमेऱ्याकडे पाहून उभे आहेत आणि एकाच्या हातात वही आहे, असं तुम्ही लिहिलंय. ती टॅलीची वही असणार. क्रेनवर बनावटीची पाटी असते, ती भिंगाने वाचता आली तर गोदी आणि काळ दोन्हींच्या जवळ जाता येईल. पण ती पाटी कुठे पळून जात नाही. तुमच्या आत्या ८८ वर्षांच्या आहेत आणि पणजोबांच्या बरोबर काम करणारे लोक घरी जेवायला यायचे हे त्यांना आठवतं, हेही तुम्ही लिहिलंय. तर स्कॅनर नंतर. आधी हा एक फोटो पाकिटात घालून त्यांच्याकडे जा, दिवसा, खिडकीपाशी बसवा, हातात भिंग द्या आणि डावीकडून उजवीकडे एकेक चेहरा विचारा. त्या बोलत असताना फोन रेकॉर्डिंगवर ठेवा. नाव आठवलं नाही तर गाव विचारा, गाव नाही तर तो कसा हसायचा, ते. मग मला फोटो पाठवाल तेव्हा ते रेकॉर्डिंग आणि फोटोची मागची बाजू, दोन्ही पाठवा.